जुन्या झाडांचा कच्चा पु-अर : पहिली चकती घेण्याआधी आणि घेतल्यावर

कच्चा पु-अर हा चिनी चहा पहिल्यांदा पिणारे बहुतेक जण तो एकदाच पितात. चमचाभर पानं पातेल्यात टाकली, चार मिनिटं उकळली, की कपात काडेचिराइताचा काढा उतरतो. मग पानं दाबून केलेली ती चकती कपाटात जाते आणि वर्षभराने तिला डांबरगोळ्यांचा वास लागलेला सापडतो. दोष चहाचा नसतो. हा चहा करायची, प्यायची आणि ठेवायची रीत आपल्या रोजच्या चहापेक्षा पार वेगळी आहे, आणि ती अर्ध्या तासात शिकता येते. चाखायला शिकणं मात्र सावकाश होतं.

नेमकं काय विकत घेतोय

पु-अर हा चीनच्या युन्नान प्रांतातला चहा. मोठ्या पानांच्या झाडांपासून केलेला, उन्हात वाळवलेला. हे झाड आणि आसामच्या मळ्यातलं झाड एकाच जातीचं: कॅमेलिया सायनेन्सिस, उपप्रकार असामिका. म्हणजे आपल्या डब्यातल्या सीटीसी दाण्यांचं आणि या चकतीचं रक्ताचं नातं आहे. फरक पडतो तो झाडाचं वय, जागा आणि पानावर केलेली प्रक्रिया यांमुळे.

पु-अरचे दोन प्रकार. एक कच्चा, चिनीत 'शंग'. (मराठीत काही जण 'शेंग' लिहितात, पण मग दुकानदारापेक्षा भुईमूगवाला आधी धावून येईल.) दुसरा पिकवलेला, 'शू'. आंब्याच्या भाषेत सांगायचं तर शू म्हणजे अढी लावून पिकवलेला: ओल्या पानांचा ढीग झाकून ठेवतात, आतल्या उष्णतेने आणि जंतूंमुळे तो काही आठवड्यांत काळपट, मऊ, मातकट चवीचा होतो. ही रीत १९७३ च्या सुमारास कुनमिंगमध्ये बसवली गेली. शंगला अढी लावत नाहीत. तो आपल्या गतीने, वर्षानुवर्षं पिकतो किंवा ताजाच पितात. जुन्या झाडांच्या पानांची मजा शंगमध्ये उघडी पडते, म्हणून हा लेख फक्त त्याच्याबद्दल.

पानाचा प्रवास थोडक्यात असा. एक कळी आणि दोन-तीन पानं खुडायची, काही तास पसरून कोमेजू द्यायची, लोखंडी कढईत हाताने परतायची, चोळायची, मग चटईवर उन्हात वाळवायची. साधारण चार-साडेचार किलो ओल्या पानांतून किलोभर सुका माल निघतो. त्याला 'माओछा' म्हणतात. तो वाफेवर काही सेकंद मऊ करून कापडी पिशवीत भरतात, पिशवीला पीळ देतात आणि दगडी वजनाखाली दाबतात. चकतीच्या पाठीमागचा खळगा म्हणजे त्या पिळाच्या गाठीचा ठसा. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची असते. सात चकत्या बांबूच्या सालीत बांधल्या की जवळपास अडीच किलोचा गठ्ठा होतो.

या सगळ्यात परतणं सर्वांत महत्त्वाचं. ग्रीन टीसाठी पान इतकं तापवतात की त्यातली विकरं (एन्झाइम) पूर्ण निकामी होतात. पु-अरसाठी आच बेताची ठेवतात, थोडी जान शिल्लक राहते, आणि पुढची अनेक वर्षं चहा बदलत राहतो तो तिच्या जोरावर. कारागीर घाईत असेल तर दोन चुका होतात. आच जास्त झाली की चहा पहिल्याच दिवशी घमघमतो, फुलांचा आणि भाजक्या वाटाण्याचा वास देतो, पण चौथ्या पाण्यात (तीच पानं पुन्हापुन्हा भिजवतात, त्यातल्या चौथ्या खेपेला) रिकामा होतो आणि दोन वर्षांत मलूल पडतो. परतणं कमी पडलं की देठ लालसर होतात, चव फळासारखी गोडूस लागते आणि नवख्याला ती आवडतेही, पण त्या गोडीखाली कणा नसतो. पहिल्या घोटालाच फार लाघवी वागणाऱ्या शंगवर थोडा संशय घ्यावा.

जुनं झाड म्हणजे किती जुनं

चिनी शब्द 'गूशू', अर्थ प्राचीन झाड. व्यापारात साधारण शंभर वर्षांवरच्या झाडाला हा शब्द लावतात, काही जण तीनशेवरच लावतात. सर्वांनी मानलेली एक रेघ नाही. त्याखाली 'दाशू' म्हणजे मोठं झाड, 'श्याओशू' म्हणजे लहान झाड, आणि तळाला 'ताइदी' म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांच्या मळ्यात कुंपणासारखी छाटून लावलेली झुडपं.

फरक नुसत्या वयाचा नाही. मळ्यातली झुडपं बहुधा कलमांची, म्हणजे एकसारखी; दाट लावलेली, खत घातलेली, वरचेवर खुडलेली. जुन्या बागांतली झाडं बियांपासून वाढलेली, त्यामुळे शेजारची दोन झाडंही एकमेकांसारखी नसतात. ती जंगलाच्या सावलीत, दूरदूर, खोल मुळांची. सावलीमुळे पानात तुरटपणा आणणारी द्रव्यं तुलनेने कमी आणि अमिनो आम्लं जास्त राहतात. वर्षाकाठी खुडणीही कमी. चवीला थर येतात ते या सगळ्याच्या बेरजेतून, आणि अनेक वेगवेगळी झाडं एकाच कढईत आल्यामुळे. म्हणून 'एकाच झाडाचा' म्हणून विकला जाणारा चहा आपोआप वरचढ ठरत नाही, उलट कधीकधी एकसुरी लागतो.

अशी बाग कशी असते याचं उत्तम उदाहरण म्हणजे लानत्सांग तालुक्यातला चिंगमाय डोंगर. बुलांग आणि ताय लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे जंगलाच्या छायेतच चहा वाढवला. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या जुन्या चहावनांचा जागतिक वारशात समावेश केला.

खरेदी: आधी नमुना, मग चकती

लाओ बानचांग आणि बिंगदाओ ही दोन गावं कच्च्या पु-अरची शिखरं मानली जातात आणि त्यांच्या वसंतातल्या पानाला किलोमागे हजारो युआन मोजावे लागतात. स्वस्त वेष्टनावर ही नावं दिसली तर चकती खाली ठेवा. या नावांचा चहा बाजारात जितका विकला जातो तितका त्या गावांच्या झाडांवर पिकूच शकत नाही. नवख्याने तर या नावांच्या वाटेलाच जाऊ नये. चांगला मिळाला तरी तो का चांगला हे अजून कळणार नाही, आणि वाईट मिळाला तर फसलो हेही कळणार नाही.

पहिल्या फेरीत २५-२५ ग्रॅमचे चार नमुने घ्या:

१. ईवू भागातला जुन्या झाडांचा, ३ ते ५ वर्षं वयाचा. मऊ, मधाकडे झुकणारा, कडूपणा मागे.
२. बुलांग डोंगराकडचा. सरळ अंगावर येणारा कडू, मागून जोरदार गोडी.
३. चिंगमायचा. फुलांचा, ऑर्किडसारखा वास. तुरटपणा थोडा पुढे.
४. साध्या मळ्याच्या पानाचा, चांगल्या कारखान्याचा. मंगहाय कारखान्याचं ७५४२ हे मिश्रण सहज मिळतं. या आकड्यातले ७५ म्हणजे मिश्रण ठरलं ते १९७५ साल, ४ म्हणजे पानाची प्रत, २ म्हणजे मंगहाय कारखाना.

चौथा नमुना टाळू नका. तुलनेला साधा चहा नसेल तर 'जुनं झाड' या शब्दाला जिभेवर काही अर्थच उरत नाही.

वेष्टनावर बघायचं ते इतकंच: प्रांत आणि डोंगर, पान खुडल्याचं वर्ष, दाबल्याचं वर्ष, आणि ऋतू. वसंतातला, म्हणजे मार्च-एप्रिलचा माल दाट आणि टिकाऊ, पावसाळ्यातला पातळ, शरदातला सुवासिक पण अंगाने हलका, आणि किमतीला परवडणारा. पाऊणशे रुपयांत शंभर ग्रॅम गूशू मिळत नाही, आणि '१२०० वर्षं वयाचं झाड' असं छापलेलं असेल तर तो आकडा शोभेचा समजावा.

गुंतवणूक म्हणूनही घेऊ नका. २००७ मध्ये, युन्नानमधल्या सीमाओ शहराचं नाव बदलून पु-अर ठेवलं गेलं त्याच वर्षी, या चहाचे भाव फुग्यासारखे फुगले आणि फुटले. प्यायचा तेवढाच घ्यावा. दर वेळी ७ ग्रॅम धरले तर ३५७ ग्रॅमच्या एका चकतीतून ५१ वेळा चहा होतो. एका माणसाला तेवढं वर्षभर पुरतं.

सामान

झाकण आणि बशी असलेला चिनी मातीचा कप, त्याला 'गाइवान' म्हणतात, १०० ते १२० मिलीचा. काठ बाहेर वळलेला असावा, नाहीतर बोटं भाजतात. चहा ओतून घ्यायला काचेचं छोटं भांडं, बारीक गाळणं, ४०-५० मिलीच्या दोन-तीन वाट्या. दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. चकती फोडायला बोथट सुरी किंवा जाड दाभण. मातीची लाल किटली आत्ता नको: ती चव शोषते आणि गोल करते, आणि शिकणाऱ्याला दोषांसकट चव दिसायला हवी.

पाणी हा निम्मा चहा. बोअरवेलच्या जड पाण्यात चहा गढूळ आणि बोथट होतो, वर तवंग येतो. आरओचं पाणी फारच कोरं असेल तर उलटं होतं: चव टोकदार पण पोकळ. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५० ते १५० च्या मधे असेल असं पाणी बघा. मुंबईचं तलावाचं पाणी मुळात मऊ आहे. क्लोरीनचा वास जाईपर्यंत उघडं ठेवून गाळून घेतलं तरी काम भागतं. आरओ खूप खाली जात असेल तर त्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळा.

चकती फोडणं

चकती ताटात आडवी ठेवा. सुरी वरून खुपसू नका. कडेने, पानांच्या थरांना समांतर घाला, दोन-तीन सेंटिमीटर आत गेल्यावर हलकेच उचका. थर सुटा होतो. सुरीचं टोक नेहमी दुसऱ्या हातापासून लांब असावं. या छंदात होणाऱ्या जखमा बहुतेक इथेच होतात. दगडाखाली दाबलेल्या चकत्या सैल असतात, यंत्राने दाबलेल्या टणक, त्यांना दाभणच लागतं.

पानं जितकी अखंड निघतील तितकं बरं. चुरा झाला तर तो पहिल्या दोन पाण्यांतच सगळा कडूपणा ओकतो. ७ ग्रॅममध्ये चुरा पाव भागाहून जास्त नसावा. उरलेला चुरा फेकू नका, तो थंड पाण्यात रात्रभर भिजवायला उत्तम: अर्धा लिटर पाणी, ३ ग्रॅम, फ्रिजमध्ये आठ तास.

चहा करणं, पाण्यापाण्याने

पोट रिकामं असताना बसू नका. ताजा शंग रिकाम्या पोटी आग पाडतो, हात थरथरतात, डोकं हलकं होतं. आधी काही खाल्लेलं असावं आणि शेजारी गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की ठेवावी. गरगरायला लागलं तर गोड खाऊन थांबायचं.

प्रमाण: १०० मिलीच्या गाइवानला ६.५ ते ७ ग्रॅम. हात बसेपर्यंत ५ ग्रॅमवर करा.

१. पाण्याला खळखळून उकळी आणा. त्याने रिकामा गाइवान, काचेचं भांडं, वाट्या गरम करा आणि पाणी टाकून द्या.

२. गरम गाइवानमध्ये पानं टाका, झाकण लावून दोनदा हलवा, उघडून वास घ्या. या वेळी धुराचा, बुरशीचा किंवा कोंदट वास आला तर तो पुढे पेल्यातही येणार.

३. उकळतं पाणी ओता आणि पाच सेकंदांत पूर्ण ओतून टाका. ही धुलाई. टणक तुकडा असेल तर झाकण लावून मिनिटभर तसाच वाफेवर राहू द्या, पानं सुटू लागतात.

४. पहिलं पाणी: काठाच्या वळणाच्या खालीच थांबा, वर गेलात तर पकड गरम होते. पाणी कडेने गोल ओता, पानांच्या डोक्यावर धार सोडू नका. ५ ते ८ सेकंद. झाकण तांदळाच्या दाण्याएवढं तिरकं सरकवा, अंगठा आणि मधलं बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर, आणि एका दमात ओता.

५. शेवटचा थेंब निथळू द्या. नवख्यांची सर्वांत मोठी चूक ही: तळाशी दोन चमचे पाणी राहतं, पुढचं पाणी ओतेपर्यंत ते पानांना कुजवतं आणि तिसरं पाणी विनाकारण कडूजहर होतं. मग माणूस तापमान कमी करतो, पानं कमी करतो, दुकानदाराला दोष देतो. निथळलं असतं तर काहीच करावं लागलं नसतं.

६. पुढचे वेळ: दुसरं आणि तिसरं पाणी ५ ते ८ सेकंद, चौथं १०, पाचवं १२, सहावं १५, सातवं २०, आठवं ३०, नववं ४५, दहावं मिनिटभर. पुढे मिनिटा-मिनिटाने वाढवा. ओतायला लागणारे तीन-चार सेकंदही वेळेतच धरा.

७. दोन पाण्यांच्या मधे झाकण किंचित उघडं ठेवा. घट्ट झाकलेली गरम पानं शिजतात आणि भाजीसारखा वास येतो.

पाण्याचं तापमान कमी करून कडूपणा टाळायचा सल्ला सर्रास दिला जातो. अगदी ताज्या, वर्षाच्या आतल्या मळ्याच्या शंगसाठी ९० अंश ठीक. पण जुन्या झाडाच्या पानाला उकळतंच पाणी द्या आणि वेळ कमी करा. गार पाण्यात कडूपणा लपतो, त्याबरोबर दाटपणाही लपतो, म्हणजे ज्याचे पैसे मोजले तेच पेल्यात येत नाही.

दूध आणि साखर अर्थातच नाही. लिंबूही नाही.

चाखायचं काय

इथे मराठी माणसाची एक सोय आहे. कडू आणि तुरट हे आपल्याला लहानपणापासून दोन वेगळे शब्द आणि दोन वेगळ्या चवी म्हणून माहीत असतात. चिनी चहावालेही ते काटेकोर वेगळे धरतात: 'खू' म्हणजे कडू, 'स' म्हणजे तुरट. कारल्याचा तुकडा आणि कच्च्या सुपारीचा तुकडा पाठोपाठ चावून बघा. कडू ही चव आहे, जिभेच्या मागच्या बाजूला जास्त जाणवते. तुरट हा खरं तर स्पर्श आहे: गाल आत ओढले जातात, जीभ खरबरीत होते.

आता तिसरा प्रयोग. आवळ्याची फोड चावून खा, मिनिटभर थांबा, मग साध्या पाण्याचा घोट घ्या. पाणी गोड लागतं. शंगमध्ये जे शोधायचं ते याच जातीचं. चिनीत त्याला 'ह्वेइगान' म्हणतात, परतून येणारी गोडी. तिच्या जोडीने जिभेखाली लाळ सुटते, त्याला 'शंगचिन'. आवळा ज्याने खाल्ला आहे त्याला या दोन्ही शब्दांवर पानभर समजावणी लागत नाही.

कपातला घोट गिळल्यावर घड्याळ बघा आणि एवढ्याच गोष्टी टिपा. कडूपणा किती वेळात विरला? दहा-पंधरा सेकंदांत विरून गोडी आली तर उत्तम. जिभेवर चिकटून बसला तर पान कमअस्सल किंवा तुमचा वेळ जास्त झाला. तुरटपणा गालांवर राहिला की मोकळा झाला? गोडी कुठे आहे, जिभेच्या टोकाला की घशात? घोट पाण्यासारखा पातळ आहे की पेजेच्या निवळीसारखा अंगाला जाड? आणि रिकामं झालेलं काचेचं भांडं अर्ध्या मिनिटाने हुंगा: चांगल्या जुन्या झाडाच्या चहाचा मधासारखा, काकवीसारखा वास तिथे भरून राहतो.

कडू असणं हा दोष नव्हे. लाओ मान-अ गावात तर मुद्दाम जपलेली कडू जातीची झाडं आहेत आणि तिथला चहा नवख्याला शिक्षाच वाटेल. दोष असतो न विरघळणारा कडूपणा.

जुनं झाड की मळा, हे एका घोटात ओळखल्याचा आव कोणी आणला तर ऐकून घ्यावं आणि दोन गाइवान शेजारी मांडावेत. एकात नमुना चार, एकात नमुना एक. दोन्हींत ५-५ ग्रॅम, तेच पाणी, तोच वेळ. पहिल्या तीन पाण्यांत मळ्याचा चहाच जास्त जोरकस वाटेल, आणि इथेच बरेच जण चुकीचा निकाल देतात. पाचव्यानंतर बघा. मळ्याचा चहा उतरणीला लागतो, तुरटपणा उरतो आणि अंग जातं. जुन्या झाडाचा चहा सातव्या-आठव्या पाण्यापर्यंत आपला दाटपणा सोडत नाही, आणि दहाव्या-बाराव्या पाण्यात कडूपणा संपून नुसती साखरपाण्याची गोडी राहते. जोर तोंडाच्या पुढच्या भागात न थांबता घशाकडे उतरतो.

शेवटी दोन्हींची भिजलेली पानं पांढऱ्या ताटलीत पसरा. जुन्या झाडाचं पान जाडसर, शिरा उठावदार, देठ लांब आणि मऊ. बोटात चोळलं तर ते लवचीक कातड्यासारखं टिकतं. मळ्याचं पान बऱ्याचदा पातळ, लवकर लगदा होणारं. पण ही साक्ष आहे, पुरावा नव्हे. खत न घातलेल्या तरुण झाडाचं पानही जाड निघतं.

विकत घेण्याआधी आणखी एक कठोर परीक्षा: ३ ग्रॅम पानं, १५० मिली उकळतं पाणी, पाच मिनिटं. व्यावसायिक परीक्षक चहा असाच तपासतात. प्यायला तो छान लागणार नाही, पण धूर, करपट, आंबूस असे सगळे दोष त्यात उघडे होतात. तळाला काळे ठिपके दिसले तर ती कढईत करपलेल्या पानांची राख. थोडी असेल तर चालते, आणि हलका धुराचा वास काही वर्षांत जातोही. आंबट वास आणि गढूळ रंग मात्र जात नाही, तो माल वाळवताना पावसात सापडलेला असतो. ताज्या शंगचा रंग पिवळसर, थोडा हिरवट आणि नितळ हवा. तीन वर्षांच्या म्हणून घेतलेल्या चहाचा रंग लालभडक आला तर तो दमट गोदामात घाईने म्हातारा केलेला आहे.

महाराष्ट्रात ठेवायचा कसा

शंगला हवी ५५ ते ७० टक्के आर्द्रता, २० ते ३० अंश तापमान, अंधार आणि वास नसलेली जागा. कुनमिंगच्या कोरड्या हवेत तो हळू पिकतो आणि सुवास राखतो; हाँगकाँग-क्वांगतुंगच्या दमट हवेत लवकर काळवंडतो आणि मऊ होतो. आपल्याकडे दोन्ही टोकं एकाच राज्यात मिळतात. मुंबई आणि कोकणात जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे, पुण्यात किंवा नागपुरात एप्रिलच्या दुपारी ३० टक्क्यांच्याही खाली. पहिलीकडे बुरशी, दुसरीकडे चहा निपचित पडतो, वास उडतो.

त्यामुळे उघड्या फळीवर ठेवायचा सल्ला, जो युन्नानसाठी बरोबर आहे, तो इथे पाळू नका. हवाबंद, खाण्याच्या दर्जाचा डबा घ्या, चकती तिच्या कागदी वेष्टनासकट ठेवा आणि आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणारी ६२ किंवा ६५ टक्क्यांची पाकिटं टाका. एका चकतीला ६० ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. छोटा आर्द्रतामापक आत असू द्या. ही पाकिटं आणि सिलिकाची पुडी एकाच डब्यात नको; एक ओल देते, दुसरी खाते.

चिनी मातीची बरणीही चालते, पण नवीकोरी. लोणच्याच्या जुन्या बरणीचा वास दहादा धुऊनही जात नाही आणि चहा तो महिन्याभरात उचलतो. याच कारणाने स्वयंपाकघर नको (फोडणी), देवघराजवळ नको (उदबत्ती, कापूर), कपड्यांचं कपाट तर मुळीच नको (डांबरगोळ्या). फ्रिजही नको. कच्चा आणि पिकवलेला पु-अर एकाच डब्यात ठेवू नका, शूचा मातकट वास शंगला लागतो.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मापक बघा, डबा मात्र कोरड्या दिवशीच उघडा. चकतीवर चंदेरी तुरे दिसले तर घाबरू नका, त्या कळ्यांवरच्या लवी आहेत. त्या पानाला धरून असतात. बुरशी कोळिष्टकासारखी पानांच्या वर तरंगते, बोट फिरवलं तर पुसली जाते आणि ओल्या पोत्याचा वास येतो. हिरवी, काळी किंवा पिवळी बुरशी असेल तर चकती टाकून द्या, 'वरचं खरवडून' पिऊ नका.

दुरून मागवलेली चकती आल्या आल्या फोडू नका. प्रवासात ती कोरडी पडलेली असते आणि चहा फिका, पाणचट लागतो. डब्यात पाकिटासोबत तीन-चार आठवडे राहू द्या, मग फोडा. फोडलेले तुकडे आणखी आठवडाभर छोट्या बरणीत मोकळे ठेवले की पहिल्या पाण्यापासूनच चव नीट उतरते.